प्लेगाचे क्रूस आणि आभाराचें ऋण

वांद्र्याच्या जुन्या गांवठाणांतून जो कोणी पायीं हिंडला असेल, त्याच्या नजरेंतून एक गोष्ट सुटली नसेल. दोन गल्ल्या जेथें मिळतात तेथें, एखाद्या विहिरीच्या कडेला किंवा घराच्या ओट्यासमोर, चौथऱ्यावर उभारलेला दगडी क्रूस दिसतो. त्याच्या गळ्यांत झेंडूची माळ असते, पायथ्याशीं मेणाचे ओघळ वाळलेले असतात, आणि जवळ जाऊन निरखून पाहिलें तर पुष्कळ ठिकाणीं दगडावर वर्षाचा आंकडा कोरलेला आढळतो. रानवर, चिंबई, पाली अशा वाड्यांतून, तसेंच तिकडे गिरगांवांत खोताच्या वाडींतहि, असे क्रूस आहेत. बरोबर लहान मूल असलें म्हणजे तें हटकून विचारतें कीं, देऊळ तर पलीकडे आहे, मग हा क्रूस रस्त्यांत कशाला उभा केला? आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. जुन्या करारांत यहोशवाच्या पुस्तकांत असाच एक प्रसंग वर्णिलेला आहे. इस्राएल लोक यार्देन नदी कोरड्या पायांनीं ओलांडून गेले, तेव्हां बारा वंशांतील बारा पुरुषांनीं नदीच्या पात्रांतून एकेक दगड खांद्यावर उचलून आणिला, व ते बारा दगड गिलगाल येथें उभे करण्यांत आले. हेतु असा कीं, पुढें मुलांबाळांनीं त्या दगडांविषयीं विचारलें असतां वडिलांनीं त्यांना देवाच्या उपकाराची हकीकत सांगावी. यांत मोठें मर्म आहे. मागणें हें दुःखाच्या भरांत आपोआप तोंडांतून निघतें. त्याला स्मारकाची गरज नसते. आभार मात्र दुःख सरल्यावर मानावयाचे असतात, आणि दुःख सरलें कीं त्याची स्मृतिहि सरूं लागते. म्हणून आभाराला दगड लागतो, दगडाकडे बोट दाखविणारें मूल लागतें, आणि त्या मुलाला उत्तर देणारें वडील माणूसहि लागतें. या तिहींपैकीं एक जरी नाहींसें झालें तरी देवाचा उपकार मुका होतो.

आपल्या गांवठाणांतील सर्वच क्रूस एका काळचे नाहींत. कांहीं फार जुने आहेत, कांहीं मृतांच्या स्मरणार्थ उभारले आहेत. परंतु त्यांतील बरेचसे इसवी सन १८९६ पासूनच्या दहाबारा वर्षांतले आहेत, आणि लोक त्यांना प्लेगाचे क्रूस म्हणूनच ओळखतात.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत, धान्याच्या वखारींच्या दाट वस्तींत, एक विलक्षण ताप सुरू झाला. जांघेंत किंवा काखेंत गांठ यावी, ताप चढावा, आणि थोड्याच दिवसांत माणूस हातचा जावा. हा रोग प्लेग होय असें निदान करण्याचें धैर्य डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं दाखविलें. गोमंतकांतील हडफडें गांवीं १८५६ सालीं जन्मलेले हे कॅथोलिक गृहस्थ पुढें मुंबईच्या नगरसंस्थेचे अध्यक्ष झाले, व धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. मराठी वृत्तपत्रें या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत. रोगाचा जंतु आलेक्सांद्र यर्सां या संशोधकानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता. पण तो पिसवांच्या द्वारें उंदरांपासून माणसाकडे येतो हें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें दाखविलें तें १८९८ सालीं. अर्थात् १८९६ च्या मुंबईकराला शत्रूचें नांव ठाऊक होतें, परंतु तो कोणत्या वाटेनें घरांत शिरतो तें ठाऊक नव्हतें.

त्या दिवसांत शहराची काय अवस्था झाली असेल त्याची कल्पना दोन गोष्टींवरून येते. १८९७ च्या आरंभीं शहरांतील जवळजवळ निम्मे लोक घरदार सोडून गांवोगांव पळाले होते. आणि १८९१ च्या खानेसुमारींत ज्या मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत जें शहर वाढावयाचें, तें लहान झालें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. सरकारी माणसें घरांत शिरून तपासणी करीत, कौलें काढून आंत ऊन घेत, आजाऱ्यास इस्पितळांत व इतरांस निराळ्या छावणींत नेत. उपाय आवश्यक असले तरी ते ज्या रीतीनें अमलांत आले तिच्यामुळें रोगाच्या भयांत माणसाच्या भयाची भर पडली. पुढें हिंवाळ्यामागून हिंवाळा लोटला तरी साथ पुनःपुन्हां उलटून येत राहिली. साऱ्या हिंदुस्थानांत त्या अनेक वर्षांत या रोगानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

अशा वेळीं आपल्या पूर्वजांनीं काय केलें? जें डॉक्टरांनीं सांगितलें तें केलें, आणि त्याबरोबर वाडीच्या तोंडाशीं क्रूस उभारला. मोठा जमाव करण्याची भीति, घरांत आजारी माणूस, देवळापर्यंत जाण्याचें त्राण नाहीं. म्हणून वाडींतील कुटुंबें सायंकाळीं आपल्या क्रूसापाशींच जमत, जपमाळ म्हणत, लितानी गात, असें वृद्ध मंडळींकडून पिढ्यानुपिढ्या ऐकिवांत आहे. कोणीं साथ येऊं नये म्हणून क्रूस उभारला, कोणीं साथ टळल्यावर आभार म्हणून उभारला. पुष्कळ ठिकाणीं मागणें आणि आभार यांचा एकच दगड झाला. आजहि त्या वाड्यांतून वर्षांतून एकदां क्रूसाचा सण होतो. चौथरा धुवून पुसून रंगविला जातो, फुलें व दिवे लागतात, लितानी संपल्यावर लहानथोरांच्या हातांवर उकडलेल्या चण्यांची मूठ पडते. ती मूठ घेणाऱ्या मुलाला बहुधा ठाऊक नसतें कीं, आपण शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका प्रार्थनेचा प्रसाद खात आहों.

ही रीति आपल्या पूर्वजांनीं नव्यानें निर्माण केली असें मात्र नव्हे. साथीच्या काळीं देवाला वचन देऊन तें पिढ्यानुपिढ्या पाळणें ही ख्रिस्तसभेंतील जुनी परंपरा आहे. तिचें सर्वांत मोठें उदाहरण इटली देशांतील व्हेनिस शहरांत घडलें, आणि तें थोडें विस्तारानें पाहण्यासारखें आहे. कारण आपल्या क्रूसांविषयीं मनांत जी एक कठीण शंका येते, तिचें उत्तर शोधण्यास त्यानें साहाय्य होतें.

१६३० सालीं व्हेनिस हें एक स्वतंत्र प्रजासत्ताक राज्य होतें, व दोज हा त्याचा अधिपति असे. त्या वर्षीं उन्हाळ्यांत तेथें प्लेग शिरला. समुद्रावर राज्य करणारें तें श्रीमंत शहर प्रेतें वाहून नेण्यास माणसें मिळत नाहींत अशा दशेस आलें. साथ संपेपर्यंत शहराची सुमारें एक तृतीयांश वस्ती, म्हणजे ४६,००० च्या आसपास माणसें, मृत्युमुखीं पडली. २२ ऑक्टोबर १६३० या दिवशीं तेथील राजसभेनें ठराव केला कीं, हें संकट टळल्यास पवित्र मरियेच्या नांवें एक भव्य देऊळ बांधावें, आणि प्रत्येक वर्षीं अधिपतीनें व लोकांनीं तेथें जाऊन आभार मानावे. पुढील वसंत ऋतूंत, १६३१ सालीं, दोज निकोलो कोंतारिनी यांच्या हस्तें कामाचा आरंभ झाला. आणि २ एप्रिल १६३१ रोजीं ते स्वतःच निवर्तले. दुसऱ्याच महिन्यांत तेथील मुख्य धर्माध्यक्ष जोव्हानी तिएपोलो यांनींहि देह ठेविला. साथ ओसरली ती त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत.

देवळाचें काम बाल्दास्सारे लोंगेना या तरुण स्थपतीकडे आलें. खारकच्छाच्या गाळांत लाखों लांकडी मेखा ठोकून त्यानें पाया घातला, व त्यावर मुकुटासारखें घुमटाचें मंदिर उभें केलें. त्यास सांता मारिया देल्ला सालुते म्हणतात. सालुते या शब्दांत आरोग्य व तारण हे दोन्ही अर्थ आहेत. मुख्य वेदीवर एक संगमरवरी शिल्प आहे: मध्यें बाळ येशूला घेऊन पवित्र माता, एका बाजूस गुडघे टेकलेली व्हेनिस नगरी, आणि दुसऱ्या बाजूस पळ काढणारी प्लेगरूपी म्हातारी. लोंगेना यानें या कामीं आपलें अर्धें शतक वेंचलें आणि १६८२ सालीं तो मरण पावला. देवळाचें पवित्रीकरण झालें तें १६८७ सालीं. वचन देणारे गेले, पाया घालणारा गेला, बांधणारा गेला. पहिल्या पूर्ण आभाराच्या वेळीं साथीची धग ज्यांना लागली होती त्यांपैकीं फारच थोडे जिवंत असतील.

पुढें १७९७ सालीं नेपोलियनच्या स्वारीनें तें प्रजासत्ताकहि संपलें. ज्या राजसभेनें ठराव केला ती राहिली नाहीं, ज्या अधिपतीनें दरवर्षीं जावयाचें तें पदच उरलें नाहीं. तथापि प्रत्येक वर्षीं २१ नोव्हेंबरला, पवित्र मरियेच्या समर्पणाच्या सणीं, मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल बांधतात, आणि व्हेनिसचे नागरिक त्यावरून चालत जाऊन सालुतेच्या देवळांत मेणबत्ती लावितात. राज्य बुडालें, वचन बुडालें नाहीं.

आतां ती कठीण शंका. साथ टळली म्हणून आपण आभार मानतों. मग जे त्या साथींत गेले त्यांचें काय? दोज कोंतारिनी यांनीं सर्व नगराच्या वतीनें प्रार्थना केली, ते वांचले नाहींत. वांद्र्याच्या ज्या आईनें क्रूसासमोर पदर पसरला, तिचें लेंकरूं सकाळीं थंड पडलेलें सांपडलें असेल, तर तिनें कोणत्या तोंडानें आभाराची लितानी म्हणावी? हा प्रश्न केवळ पूर्वजांचा नाहीं. २०२० व २०२१ सालांत नव्या साथीनें आपल्या घरांतूनहि माणसें नेलीं. देवळें बंद होतीं. पुष्कळांच्या दफनास चार माणसेंसुद्धां जमूं शकलीं नाहींत. २७ मार्च २०२० रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोमच्या ओस पडलेल्या चौकांत एकट्यानें प्रार्थना केली, तेव्हां त्यांच्याजवळ सान मार्चेल्लो देवळांतील तो लांकडी क्रूस होता, जो १५२२ च्या प्लेगांत रोमच्या लोकांनीं रस्त्यारस्त्यांतून मिरवीत नेला होता. त्या रात्रींहि जगांत माणसें मरतच होतीं. तेव्हां देवानें ऐकलें असें आपण कोणत्या अर्थानें म्हणतों?

या शंकेचें उत्तर क्रूसानेंच दिलें आहे. गेथशेमनीच्या बागेंत प्रभूनें आपल्यापुढील प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाहीं. तरीहि इब्री लोकांस लिहिलेलें पत्र स्पष्ट सांगतें कीं, त्याची प्रार्थना ऐकण्यांत आली. जो दुसऱ्या दिवशीं क्रूसावर मेला त्याची प्रार्थना ऐकली गेली, असें ज्या धर्मांत म्हणतां येतें, तेथें ऐकणें याचा अर्थ मृत्यु टाळणें एवढाच असूं शकत नाहीं. पित्यानें त्याला मरणाअलीकडे अडवून धरलें नाहीं, मरणापलीकडे नेलें. संत पौलानें शरीरांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनंति केली. कांटा राहिला, आणि तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. म्हणून ज्या आईचें लेंकरूं गेलें तिच्यावर आभाराची सक्ति कोणी करूं नये. तिचें रडणें हीहि प्रार्थनाच आहे. परंतु सबंध वाडी जेव्हां क्रूसापाशीं उभी राहते, तेव्हां वांचलेले आपल्या वांचण्याबद्दल आभार मानतात, आणि गेलेल्यांना त्याच देवाच्या हातीं सोंपवितात. दोन्ही गोष्टी एकाच लितानींत होतात. आपल्या पूर्वजांनीं साथ पुरी निघून जाण्याची वाट न पाहतां क्रूस उभारले, याचें रहस्य हेंच असावें.

येथें नवस या शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्या बोलण्यांत नवस फेडला असें आपण म्हणतों. देवाला दिलेलें वचन पाळलेंच पाहिजे, यांत संशय नाहीं. पण फेडणें या शब्दांत हिशेब संपल्याचा ध्वनि आहे: मागितलें, मिळालें, मेणबत्ती दिली, मोकळे झालों. देवाशीं असा व्यवहार होत नाहीं. व्हेनिसचें देऊळ पूर्ण झाल्यावर तेथील लोकांनीं ऋण फिटलें असें मानलें नाहीं. उलट ऋण मोजण्यास तेव्हां कोठें आरंभ झाला. संत थॉमस अक्वायनस यांनीं कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, झालेला उपकार ओळखणें. दुसरी, मुखानें आभार मानणें. तिसरी, योग्य वेळीं व योग्य ठिकाणीं, आपल्या शक्तीप्रमाणें, त्याची परतफेड करणें. देवाला आपण काय परत देणार? म्हणून ती परतफेड त्याच्या लेंकरांकडे वळते.

संत लूकाच्या शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दहाहि जणांनीं दुरून आरोळी मारून दया मागितली, दहाहि जण वाटेंत बरे झाले, परत आला तो एकटा, आणि तोहि शोमरोनी, म्हणजे परका. परक्यानें आभाराचा धडा घालून द्यावा, असें प्लेगाच्या काळींहि घडलें. ज्यानें लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली, तो वाल्देमार हाफकिन यहुदी होता. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं ज्यांनीं देह ठेविला, त्या सावित्रीबाई फुले ख्रिस्ती नव्हत्या. आपल्या पूर्वजांच्या प्रार्थनेस देवानें जीं उत्तरें पाठविलीं, त्यांतील कांहीं अशा हातांनीं आलीं. क्रूसापुढें आभार मानतांना ज्यानें या हातांचें स्मरण केलें नाहीं, त्यानें उपकार पुरता ओळखलाच नाहीं. पहिलीच पायरी चुकली.

वाचकहो, ज्युबिली हा शब्दहि जुन्या करारांतूनच आला आहे. लेवीय पुस्तकाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, गहाण पडलेली जमीन मूळच्या कुटुंबाकडे परत जाई, बंधनांत असलेला मनुष्य मोकळा होई. म्हणजे देवाच्या लोकांची ज्युबिली केवळ मिरवणुकीची नव्हती. आपणांवर झालेल्या दयेचा लाभ दुसऱ्यास देण्याचें तें वर्ष होतें. संत थॉमस ज्या तिसऱ्या पायरीविषयीं बोलतात ती हीच.

आपल्या देवळाचा महोत्सव साजरा करतांना आपणहि तीन लहान गोष्टी मनावर घेऊं. पहिली: आपल्या परिसरांत जे जुने क्रूस आहेत त्यांवरील आंकडे वाचून, वृद्धांकडून ऐकलेली प्रत्येकाची हकीकत टिपून ठेवावी. रस्ते रुंद होतात, घरें पडून इमारती उठतात, आणि ज्या क्रूसाची हकीकत कोणासच ठाऊक नाहीं तो क्रूस आधीं हलविला जातो. दगड जाण्यापूर्वीं स्मृति गेलेली असते. दुसरी: वर्षांतून एकदां तरी लितानीच्या वेळीं मुलांना सोबत न्यावें, आणि चणे हातावर ठेवितांना ते कशाचे तें सांगावें. तिसरी: क्रूसासमोर ज्या रात्रीं लोक जमतात, त्या रात्रीं त्या वाडींत जो आजारी आहे, एकटा आहे, त्याच्या दारापर्यंत कोणी तरी जावें. साथीच्या काळीं ज्या दारापर्यंत जाण्याची भीति होती, तेथपर्यंत आतां निर्भयपणें जातां येतें, हाच त्या प्रार्थनेच्या फळाचा पुरावा होय.

मिस्सेचें जें प्राचीन ग्रीक नांव आहे त्याचा अर्थ आभारप्रदर्शन असाच आहे. तेव्हां प्रत्येक रविवारीं आपण जें करतों तें मुळांत मागणें नसून आभार आहेत, आणि मागणें त्या आभारांच्या पोटांत येतें. आपले पूर्वज देवळांत जाऊं शकले नाहींत तेव्हां त्यांनीं तेच आभार रस्त्याच्या वळणावर दगडांत कोरून ठेविले. पुढच्या वेळीं एखादें मूल त्या क्रूसाकडे बोट दाखवील तेव्हां आपण थांबावें, त्याला सांगावें, आणि दोघांनीं मिळून कपाळावर क्रूसाची खूण करावी. ज्या देवानें त्यांचें ऐकलें, जे राहिले त्यांना राखलें आणि जे गेले त्यांना आपलेंसें केलें, त्या पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला सदासर्वकाळ धन्यवाद असोत. आमेन.